हिंवाळ्याची बेगमी

पावसाळ्याची बेगमी कशी करावी हें महाराष्ट्रांतील गृहिणीस कोणी शिकवावें लागत नाहीं. वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं पापड, कुरडया, सांडगे गच्चीवर पसरतात; मिरची-हळद कांडून ठेवली जाते; धान्य वाळवून कोठींत भरलें जातें; कौलारू घर असेल तर कौलें चाळलीं जातात. मृग लागण्यापूर्वीं घर सज्ज असलें पाहिजे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. हिंवाळ्याची अशी बेगमी मात्र क्वचितच कोणी करतो. दिवाळी उरकते, फराळाचे डबे रिकामे होतात, आणि एके रात्रीं उत्तरेचा गार वारा सुटतो. मग मध्यरात्रीं माळ्यावरचीं बोचकीं खालीं ओढलीं जातात. एका पांघरुणास कसर लागलेली आढळते, दुसऱ्यास कुबट वास येत असतो. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं घरधनी बाजारांत जाऊन, भाव चढलेले असतांना, दिसेल तें ब्लँकेट घेऊन येतो. या खर्चाचें खापर थंडीवर फोडलें जातें. वास्तविक तो खर्च अनवधानाचा असतो.

हिंवाळ्याची तयारी काटकसरीनें करावयाची तर आधीं आपल्याकडील थंडीचा स्वभाव ओळखला पाहिजे. देशावरची थंडी ही मुख्यतः रात्रीची थंडी आहे. पावसाळा संपला कीं आकाश निरभ्र होतें आणि हवेंतील ओलावा कमी होतो. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देते; ढगांचें पांघरूण नसल्यामुळें ती वाटेंत अडत नाहीं. म्हणून जानेवारींत पुण्यास दुपारीं पारा ३० अंशांच्या घरांत असतो आणि पहाटे तोच १० अंशांच्या आसपास उतरतो. प्रसंगीं याहूनही कडाक्याची थंडी पडते. पुण्यास १९३५ सालच्या जानेवारींत १.७ अंश सेल्सियस इतकें तपमान नोंदलें गेलें. द्राक्षांच्या मळ्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या निफाड येथें २०१८ च्या डिसेंबरांत पारा दोन अंशांच्याही खालीं गेला. मुंबईस समुद्राचा आश्रय आहे, तरी सांताक्रूझ येथें १९६२ सालच्या जानेवारींत ७.४ अंशांची नोंद झाली.

थंड देशांत दुपारही गारच असते. त्यामुळें तेथील घरांस अहोरात्र विस्तव लागतो. देशावरील घरास मात्र सूर्य रोज सात-आठ तास फुकट ऊब देत असतो. प्रश्न इतकाच कीं, दुपारची ही ऊब पहाटेपर्यंत कशी टिकवावी? हिंवाळ्यांतील बहुतेक काटकसर या एका प्रश्नाच्या उत्तरांत सांपडते.

तयारीस उत्तम काळ म्हणजे कोजागिरी ते दिवाळी हा पंधरवडा. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळेच नांवें ठेवतात. पण तेंच ऊन या कामीं धोब्याचें आणि वैद्याचें असें दोघांचें काम करतें. एका सुटीच्या दिवशीं घरांतील सगळीं अंथरुणें-पांघरुणें बाहेर काढावीं, झटकावीं, काठीनें झोडावीं आणि दोन्ही बाजूंनीं कडक ऊन द्यावें. त्याच वेळीं कागदावर दोन रकाने आंखावे. एकांत घरांत निजणाऱ्या प्रत्येक माणसाचें नांव, आणि दुसऱ्यांत त्याच्या अंगाखालीं काय व अंगावर काय, याची नोंद. ही मोजदाद अर्ध्या तासाची आहे. परंतु ती केल्यावर बऱ्याच घरांत असें दिसून येतें कीं, नवें कांहीं विकत घ्यावयास नको, असलेल्या वस्तूंची वांटणी मात्र बदलावयास हवी.

या मोजदादींत अंगाखालचा रकाना आधीं भरावा. थंडी म्हटली कीं मनुष्य वरच्या पांघरुणाचा विचार करतो. पण शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर पातळ सतरंजी टाकून निजणाऱ्याची ऊब खालून निघून जात असते. दोन रजया पांघरूनही त्याचें हिंव जात नाहीं. कारण साधें आहे. कोणतेंही पांघरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. ऊब शरीराची असते. कापूस, लोकर किंवा कापडाचे थर यांच्यामध्यें जी हवा कोंडलेली असते ती ही ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. अंगाखालचा कापूस वजनानें दबतो, हवा निघून जाते आणि अंथरूण निरुपयोगी होतें. म्हणून सतरंजीखालीं चटई किंवा धुतलेलें गोणपाट घालावें. तेंही नसेल तर जुन्या वर्तमानपत्रांचे सात-आठ थर पसरावे. याला जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं, आणि गुण एका रजईइतका येतो.

हाच नियम गादीलाही लागू आहे. चार-पांच वर्षें वापरलेल्या गादींतील कापसाचे गठ्ठे बनतात. ती गादी टाकून नवी घेण्याचें कारण नाहीं. कापूस उन्हांत वाळवून पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला कीं त्यांत पुन्हां हवा भरते, आणि अभ्रा धुऊन शिवला कीं गादी नव्यासारखी होते. धनुकलीचा टणत्कार करीत दारावरून जाणारा पिंजारी आतां विरळ झाला असला, तरी यंत्रावर कापूस पिंजून देणारीं दुकानें अजून गांवोगांवीं आहेत.

पांघरुणांत गोधडीच्या तोडीचें स्वस्त पांघरूण दुसरें नाहीं. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारें आठ मीटर. त्याचे लांबीवर चार भाग दुमडले म्हणजे दोन मीटरांचे चार थर मिळतात. दोन जुन्या लुगड्यांचे आठ थर झाले कीं एका माणसाची उत्तम गोधडी तयार होते. साडेपांच मीटरांच्या साडीचे तीन थर होतात; तशा तीन साड्या घेतल्या तर पुरे. कापड सुती असावें. कृत्रिम धाग्याची साडी घाम शोषून घेत नाहीं आणि गोधडींत घसरते. विरलेलें कापड आंत व धडकें कापड बाहेर ठेवावें. धावदोरे कडेपासून आंत घालीत न्यावे, म्हणजे थर सरकत नाहींत. दुपारच्या फावल्या वेळांत दोघीजणी समोरासमोर बसल्या तर थोड्याच दिवसांत काम उरकतें.

घोंगडीचा शहरी घरांस विसर पडला आहे. तो मात्र पडूं नये. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची, धनगर समाजाच्या परंपरेंतली ही वस्तु. विणल्यावर तिला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळें ती ताठ राहते. अंगाला टोचते म्हणून लोक ती नाकारतात. पण ती अंगालगत घ्यावयाची नसतेच. खालीं सुती चादर किंवा गोधडी आणि वरून घोंगडी, असा क्रम ठेवला तर टोचण्याचा प्रश्न राहत नाहीं. आणि नीट सांभाळली तर एक घोंगडी वर्षानुवर्षें चालते.

कपड्यांनाही थरांचाच नियम लागू आहे. एका जाड सदऱ्यापेक्षां दोन पातळ सदरे अधिक ऊब देतात, कारण दोहोंच्या मध्यें हवेचा एक जास्तीचा थर अडकतो. लोकरीचे कपडे धुतांना ते कढत पाण्यांत घालूं नयेत आणि चोळूं नयेत. उष्णता आणि घर्षण यांनीं लोकरीचे धागे एकमेकांत गुंततात व कपडा आटतो. कोमट पाण्यांत रिठ्याचा फेस करून त्यांत हलक्या हातानें दाबून धुवावे, पिळूं नयेत आणि सावलींत आडवे पसरून वाळवावे. कसर लागते ती विशेषतः मळक्या व घामट लोकरीस. कडुनिंबाचा वाळलेला पाला घडींत घालण्याची चाल आहे, ती चालूं द्यावी. पण धुतल्यावांचून ठेवलेल्या कपड्यास तेवढा पाला वांचवूं शकत नाहीं.

मुलांचे स्वेटर दर वर्षीं तोकडे होतात. हातानें विणलेला स्वेटर उसवून त्याची लोकर लडीवर गुंडाळावी, लडी कोमट पाण्यांत भिजवून, खालीं थोडें वजन बांधून वाळत टांगावी. धाग्याच्या सुरकुत्या निघून जातात आणि तोच धागा धाकट्या भावंडाच्या स्वेटरास नव्यासारखा उपयोगी पडतो. मोठ्याचा स्वेटर तसाच ठेवावयाचा असेल तर बाह्यांच्या कडेस दुसऱ्या रंगाच्या चार बोटें पट्ट्या विणाव्या. त्यानें शोभा जात नाहीं आणि आणखी एक हिंवाळा निघतो.

आतां घराकडे वळावें. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यास भर दुपारींही तो क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवरच असतो, म्हणजे अर्ध्या उंचीच्या किंचित् वर. मे महिन्यांत डोक्यावर येणारा हाच सूर्य डिसेंबरांत दक्षिणेच्या खिडकींतून थेट घरांत शिरतो. त्याला येऊं द्यावें. सकाळीं दहापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत दक्षिणेकडील पडदे सारून ठेवावे, गाद्या उन्हाच्या पट्ट्यांत टाकाव्या; आणि ऊन उतरूं लागतांच, साधारण पांच वाजतां, खिडक्या लावून त्यांवर जाड पडदे ओढावे. बहुतेक घरांत नेमकें उलट चालतें. दिवसा धूळ येते म्हणून खिडक्या बंद, आणि सायंकाळीं मोकळी हवा हवी म्हणून सताड उघड्या! दुपारचें फुकटचें धन मग दिवेलागणीस बाहेर निघून जातें.

दारांच्या खालच्या फटींतून येणारी वाऱ्याची धार थांबविण्यास जुन्या धोतराची लांब पिशवी शिवून तींत चिंध्या किंवा वाळू भरावी व ती उंबऱ्याशीं आडवी ठेवावी. खिडकीच्या फटींत कागदाच्या पट्ट्या खळीनें चिकटवाव्या. मात्र खोलीचा एक उंचावरचा झरोका उघडाच ठेवावा. निजणाऱ्यांच्या अंगावरून वारा जाऊं नये, पण खोलींतील हवा बदलत राहावी. पत्र्याचें छप्पर असेल तर रात्रीं पत्रा फार झपाट्यानें निवतो आणि पहाटे आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब धरतात. अशा ठिकाणीं पत्र्याखालीं वीतभर अंतर सोडून चटयांचा किंवा गोणपाटाचा माळवजा पडदा बांधावा. मधल्या हवेमुळें हिंवाळ्यांत ऊब राहते आणि उन्हाळ्यांत तोच पडदा ताप अडवतो. एक खर्च दोन ऋतूंस पुरतो. चूल किंवा शेगडी मात्र अशा पडद्यापासून दूर असावी.

विस्तव आणि वीज यांचा हिशेब प्रत्येक घरानें एकदां मांडावा. १००० वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज जळते. २००० वॅटची विजेची शेगडी रोज तीन तास लावली तर सहा युनिटें, महिन्यास १८० युनिटें होतात. आणि ती बंद करतांच खोली पुन्हां गार. याच्या उलट, २० लिटरांची बादली १८ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास अर्धें युनिट पुरतें. सारांश, खोली तापविण्यापेक्षां माणूस तापविणें फार स्वस्त. निजण्यापूर्वीं गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यांत गुंडाळून पांघरुणांत पायांशीं ठेवली कीं अंथरूण उबदार होतें. तान्ह्या मुलांजवळ, तसेंच मधुमेहामुळें ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांच्याजवळ, ती ठेवूं नये. चटका बसला तरी कळत नाहीं. स्नानाच्या पाण्यासही सूर्याची मदत घेतां येते. पाण्यानें भरलेलीं पातेलीं झांकून सकाळीं गच्चीवर ठेवलीं तर दुपारपर्यंत पाणी कोमट होतें. सुटीच्या दिवशीं मुलांचीं व वृद्धांचीं स्नानें दुपारीं ठेवल्यास तेवढें इंधन वांचतें.

काटकसरीच्या नादांत एक गोष्ट मात्र कदापि करूं नये. ती म्हणजे बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते. आणि जो आधींच निजलेला असतो त्यास यांपैकीं कोणतीच सूचना मिळत नाहीं. कोळसे राखेखालीं धुमसत असले तरी हा वायु निघतच असतो. किंबहुना लाल निखारा पाहून मनुष्य निदान सावध असतो, राखेनें त्याची खात्री पटते आणि तोच घात होतो. न्हाणीघरांत बसविलेल्या गॅसच्या बंबानेंही याच रीतीनें मृत्यु घडलेले आहेत. तो बंब न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत असावा. शेगडीवर हात शेकावयाचे तर अंगणांत किंवा उघड्या ओसरीवर शेकावे आणि निजण्यापूर्वीं ती बाहेर नेऊन पुरती विझवावी.

याच संदर्भांत बाळंतिणीच्या खोलीचा विचार अवश्य केला पाहिजे. दारें-खिडक्या लावलेली अंधारी खोली, बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी आणि ओव्या-शेपांची धुरी, ही चाल मायेपोटीं निघाली यांत संशय नाहीं. परंतु त्या खोलींत घरांतील सर्वांत अशक्त स्त्री आणि सर्वांत लहान जीव असतात. धुरामुळें तान्ह्याच्या छातीस अपाय होतो, आणि बंद खोलींतील निखारा दोघांच्याही जिवावर बेतूं शकतो. तान्ह्यास ऊब देण्याचें सर्वांत खात्रीचें व बिनखर्चाचें साधन आईचें अंग हेंच होय. १९७८ साली कोलंबिया देशांतील बोगोता शहरांत, अपुऱ्या दिवसांच्या मुलांना आईच्या छातीशीं उघड्या अंगानें बिलगून ठेवण्याची पद्धत रुग्णालयांत सुरू झाली, आणि पुढें ती जगभर मान्य झाली. बाळाच्या डोक्यास टोपडें, पायांत मोजे, आईच्या अंगाशीं बाळ, आणि दोघांवर मिळून एक पांघरूण असावें. मात्र बाळाचें तोंड उघडें राहील याची दक्षता घ्यावी. न्हाऊ-माखूं घालणें दुपारच्या वेळीं असावें. शेकाची चाल मोडवत नसेल, तर दारें उघडीं ठेवून, कोणी जागें असतांना, थोडा वेळ शेक घ्यावा आणि शेगडी लगेच बाहेर काढावी. वडीलधाऱ्या स्त्रियांस हें पटवून देणें कठीण जातें. परंतु मानापमानापेक्षां दोन जीव मोलाचे आहेत.

वृद्धांना थंडी वाजते खरी, पण आपल्या शरीराची ऊब किती घटली आहे याची जाणीव त्यांस अनेकदां उशिरां होते. थंडींत रक्तवाहिन्या आकुंचित होतात व रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके या ऋतूंत अधिक येतात. म्हणून पहाटेच्या काळोखांतील फेरफटका पौष-माघांत सूर्योदयानंतर ठेवावा. रात्रीं उठतांना अंथरुणांतून एकदम उभें राहूं नये. तहान कमी लागली तरी पाणी प्यावें. नुसतें गार पाणी नको वाटल्यास कोमट प्यावें.

आहाराच्या बाबतींत निसर्गानेंच बेगमी करून ठेवली आहे. खरिपाची नवी बाजरी बाजारांत आलेली असते. तिची भाकरी, तीळ आणि गूळ हा या दिवसांतला स्वस्त व बळकट आहार होय. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिश्र भाजी करण्याचा प्रघात ऋतूला धरूनच आहे. बाजरीचें पीठ लौकर कडू होतें, म्हणून तें आठवड्यास पुरेल इतकेंच दळावें. डिंकाचे लाडू सर्वांस परवडतात असें नाहीं; परंतु भाजलेले शेंगदाणे, तीळ व गूळ यांचा लाडू मुलांस रोज एक देणें बहुतेक घरांच्या आवांक्यांत असतें. हुलग्याचें पिठलें, मेथी, गाजर, पेरू आणि आवळा या ऋतूंत मुबलक मिळतात. आवळ्याचा मोरावळा करून ठेवावा. टांचांच्या भेगांस महागडीं मलमें आणण्यापेक्षां कोंकणांतलें आमसुलाचें तेल थोडें पातळ करून रात्रीं चोळावें आणि वरून मोजे घालावे.

सगळी तयारी झाल्यावर मोजदादीचा कागद पुन्हां एकदां वाचावा. घरोघर असें आढळतें कीं, त्यांत एका नांवापुढचा रकाना कोरा किंवा जेमतेम भरलेला असतो, आणि तें नांव गृहिणीचें असतें. नवी दुलई पाहुण्यास, जाड रजई वडिलांस, लोकरीची शाल सासूबाईंस, दोन गोधड्या मुलांस. आणि जी उरली ती विरलेली चादर तिची. पहाटेच्या सर्वांत गार घटकेस उठून थंड फरशीवर उभी राहणारी आणि बर्फासारख्या पाण्यांत प्रथम हात घालणारीही तीच. तिनें तक्रार केली नाहीं म्हणजे तिला थंडी वाजत नाहीं असें नव्हे. तिच्या अंगावरून वांचविलेल्या पैशास काटकसर म्हणूं नये. तें कर्ज आहे, आणि गुडघ्यांच्या व छातीच्या दुखण्याच्या रूपानें तें पुढें व्याजासह फेडावें लागतें. म्हणून वांटणीचा आरंभ तिच्यापासून करावा. स्वयंपाकघरांत ओट्यापुढें गोणपाटाचें किंवा घोंगडीच्या तुकड्याचें पायपुसणें असावें. चहाच्या आधणाबरोबर धुण्याभांड्यांसाठीं पातेलेंभर पाणी कोमट करावें.

तेंच भांडीं घासावयास येणाऱ्या बाईविषयीं आणि जिन्याखालीं निजणाऱ्या रखवालदाराविषयीं. रात्रीचीं खरकटीं भांडीं पाण्यांत भिजवून ठेवून, ऊन वर आल्यावर घासण्याची सवलत बाईस द्यावी. यांत घराचें कांहीं जात नाहीं. रखवालदाराचें नांवही कागदावर असावें. घरांत घेतलेलें नवें पांघरूण कोणाला द्यावें हा प्रश्न नंतरचा. जुनें पांघरूण माळ्यावर न जातां त्याच्याकडे गेलें पाहिजे.

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण खर्चाच्या बाबतींत सर्वांस पाठ आहे. हिंवाळ्यांत तिचा अर्थ अक्षरशः घ्यावा. मात्र घरांतील एकूणएक अंथरूण पाहावें, केवळ स्वतःचें नव्हे. महाशिवरात्रीस थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असें म्हणतात. त्या सुमारास पांघरुणें धुऊन, वाळवून, नीट बांधून ठेवावीं, आणि बोचक्यावर मोजदादीचा तोच कागद टांचावा. पुढच्या कोजागिरीस काम निम्मेंच उरेल.